अण्णांची रिकामी थैली

अण्णांच्या उजव्या खांद्याला वजन चालत नसे. तरुणपणी बैलगाडीतून पडले, हाड मोडलं, आणि बसवणाऱ्याने ते आपल्या मनाला येईल तसं बसवलं. त्यामुळे फळ्यावर एका दमात हत्ती काढून दाखवणारे आमचे अण्णा दळणाचा डबा काही उचलू शकत नसत. जाफराबादच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे. पगार शाळेचा आणि जीव फोटोत, तोही बसल्या जागी काढायच्या फोटोत नाही. रविवार उजाडला की त्यांना डोंगर दिसायला लागायचे. आई चुलीपुढून म्हणायची, "खांदा दिला मोडका अन् नाद दिला डोंगराचा. देवालाबी काही कामधंदा न्हाई." हे ती दर रविवारी म्हणायची आणि दर रविवारी पहाटे चारला उठून भाकरीही तीच करायची.

ओझं कमी कसं करायचं, हा आमच्या घरातला कायमचा विषय होता. दुसऱ्यांच्या घरात पोरीच्या लग्नावर चर्चा व्हायच्या, आमच्यात कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर. कॅमेरा जालन्याच्या एका फोटोवाल्याकडून जुना घेतलेला, त्याच्या चामडी घरात आई सुया-दोरे ठेवायची, कारण ते घर अण्णांनी पहिल्याच दिवशी वजन म्हणून काढून टाकलं होतं. चामडी पट्टा जाऊन तिथं पलंगाच्या नवारीची पट्टी आली. लांबचं दिसणारं दुसरं भिंग अण्णांच्या पायमोज्यात जायचं, "धुतलेल्या" असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावून सांगायची. फिल्मचे रोल खोक्यातून काढून नुसते खिशात. लोहाराकडून हातातल्या काठीच्या टोकाला एक बोल्ट बसवून घेतला होता, त्यावर कॅमेरा फिरवून बसवला की काठीचाच पाय व्हायचा. मामांनी एकदा पुण्याहून कौतुकाने लोखंडी तिपाई आणली होती. ती एखाद्या वासराएवढी जड होती. अण्णांनी मामांचे मनापासून आभार मानले, आणि आईने तिच्यावर चक्क्याचं फडकं टांगलं. मामा आले की तेवढ्यापुरतं फडकं उतरायचं. जेवणही पाठीवर घ्यायला अण्णांची ना असे. "भाकर पोटात घेऊन चाला. पाठीवरची भाकर दोनदा भारी पडती," म्हणायचे, आणि मला अंधारात, डोळे पुरते उघडायच्या आत, ठेच्याशी अर्धी भाकरी खावी लागायची.

या सगळ्यात त्यांची लाडकी वस्तू म्हणजे थैली. मांजरपाटाची, वीतभर लांबीची, आईने दुहेरी शिवून दिलेली, तोंडाला नाडी. नेताना ती रिकामी न्यायची, घडी करून सदऱ्याच्या खिशात. जिथं फोटो काढायचा तिथं कुणाच्या तरी घरून ज्वारी मागून घ्यायची, थैली भरायची, गडग्यावर नाहीतर धोंड्यावर ठेवायची आणि तिच्यात कॅमेरा दाबून बसवायचा. दाणे सरकून आपली जागा करतात आणि कॅमेरा अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा गप्प बसतो. तेव्हाची फिल्म मंद, सकाळचा उजेड कमी, हात जरासा हलला तरी पाखराच्या जागी धूर यायचा. थैलीमुळे धूर यायचा नाही. काम झालं की दाणे परत करायला अण्णा निघायचे, पण आमच्याकडच्या बाया एकदा कुणाच्या झोळीत घातलेलं धान्य परत घेत नाहीत. कितीही गरीब घर असो, हात मागेच जायचा. मग ते दाणे तिथंच अंगणात पाखरांना टाकायचे आणि थैली झटकून पुन्हा खिशात, असा रिवाजच पडला होता. थैली भरायचं आणि शेवटी रिकामी करायचं काम माझं, कारण वाकून उपसायला अण्णांचा खांदा साथ द्यायचा नाही.

आता माझ्या फोनवर सुनेने काही चित्रफिती लावून दिल्या आहेत. प्रवासाला हलकं सामान कसं न्यावं, कोणता कॅमेरा नारळापेक्षा हलका, हे तरणी मुलं डोंगरावर उभी राहून समजावून सांगतात. परवा एका पोराने रिकामी पिशवी न्या आणि तिथं गेल्यावर भरा, असं सांगितलं आणि स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झाला की मला हसू आलं. मग मी फोन पालथा ठेवून उठले.

जाफराबादच्या उत्तरेला जीपने तासभर गेलं आणि पुढे तासभर पायी चढलं की गयाबाईची वस्ती लागायची. वस्ती कसली, एकच घर. पुढे अंगण, बाजूला पडवी, भोवती कमरेएवढा दगडी गडगा. गयाबाई एकटी राहायची. नवरा मागेच गेलेला, मुलगा कारखान्यात लागून शहरात राहिलेला, तो दिवाळीलाच यायचा. तिची जमीन खालच्या अंगाचा तुळशीराम बटाईने करायचा आणि बाजारातून तिचं मीठ-मिरचीही तोच आणायचा. तिच्या सोबतीला होते मोर. रोज सकाळी ती अंगणात पसाभर ज्वारी टाकायची आणि डोंगरातून मोर-लांडोरी खाली उतरायच्या, अगदी चुलीपर्यंत. तिने त्यांना नावं दिली होती. भुरी, लंगडी, आणि एक फार तोऱ्याने चालणारी, तिला सरपंचीण. "ए सरपंचीण, लेकरायला खाऊ दे आधी!" असं ती ओरडायची आणि लांडोर खरोखर दोन पावलं मागे सरायची.

अण्णा तिच्याकडे पाच-सहा वर्षं जात होते. मी आठवीत गेल्यापासून त्यांच्याबरोबर. त्यांना पिसाऱ्याचे फोटो नको असत. पाऊस सरता सरता मोराची पिसं झडतात, तेव्हा त्यांचं मोराकडे जाणं वाढायचं. "पिसारा म्हंजे लग्नातला कोट. मला घरच्या कपड्यातला मोर पाह्यजे," म्हणायचे. त्यांच्या मनात एक फोटो कित्येक दिवस बसला होता. गडग्यावरून ओळीने चालणाऱ्या लांडोरी, मागे पिल्लं, त्यांच्या पलीकडे पडणारं पहिलं ऊन. दर वेळी काहीतरी हुकायचं. कधी ढग, कधी कुत्रं, कधी फिल्मच संपलेली.

त्या रविवारी सगळं जुळून आलं. मी दहावीत होते, दोन वेण्या, तांबड्या रिबिनी. रब्बीची पेरणी तोंडावर आलेली. आम्ही पोचलो तेव्हा गयाबाई खाली विहिरीवर गेली होती आणि दाराला कडी होती. एरवी थैली घरातल्या कणगीतून भरायची, गयाबाई स्वतः झाकण काढून द्यायची. अण्णा गडग्याच्या आडोशाला गुडघे टेकून बसलेले, आणि लांडोरी खरोखरच वर चढायला लागल्या होत्या. सरपंचीण पुढे. "शालू, जल्दी! थैली दे. उजेड चढून राह्यला," अण्णा दबक्या आवाजात म्हणाले. मी पडवीत शिरले. अंधारात कोपऱ्यात एक पोतं होतं, सुतळीने तोंड बांधलेलं. सोडलं, हात घातला. ज्वारीच होती. थैली भरली, पोतं पुन्हा बांधलं आणि धावले.

आता मला जे लिहायचं आहे ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. त्या ज्वारीला वास होता. धान्याला कोरडा, पिठाचा वास असतो. हा उग्र होता, कपाशीवर फवारणी झाली की वाऱ्यावर येतो तसा. कापसाच्या मुलखातल्या पोरीला तो कळला नाही, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? मला कळला. क्षणभर मी थैली नाकाशी धरलीसुद्धा. पण अण्णा हात मागे करून थैलीची वाट बघत होते. मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी कॅमेरा बसवला, श्वास धरला आणि रोलमधले शेवटचे चार फोटो काढले. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "आलं, पोरी. बराबर आलं," म्हणाले. मग मी नेहमीसारखी अंगणाच्या मध्यावर गेले आणि थैली पालथी केली. लांडोरी भोवती जमल्या, पिल्लं पायात आली. गयाबाई घागर घेऊन आली, चहा ठेवते म्हणाली. चहाबरोबर ती भाकरीचा तुकडा देईल म्हणून मी रांजणाकडे गेले आणि हात धुतले. दोनदा धुतले. पाखरांसाठी मला जे सुचलं नाही ते स्वतःसाठी सुचलं, हे मी तेव्हापासून रोज आठवते आहे.

दुपारी घरी आल्यावर अण्णांनी फिल्म धुवायला धान्याच्या खोलीचं दार लावून अंधार केला. ती खोली बंद झाली की आई बाहेरून विचारायची, "डाळ काढू का नको?" आणि आतून उत्तर यायचं, "वरणाशिवाय काही सांग." त्या दिवशी मात्र नुसतं तसराळ्यातलं पाणी हलत होतं. मग अण्णा बाहेर आले, ओली फिल्म दोन बोटांत धरून. त्यांनी ती खिडकीशी उजेडात धरली आणि आम्हा दोघींना जवळ बोलावलं. प्रत्येक पिल्लाची मान सुटी दिसत होती. आईला उलट्या रंगातलं काही कळायचं नाही, तरी ती म्हणाली, "चांगलं आलंय की हो." संध्याकाळी तिने शिरा केला. अण्णा दोनदा मागून जेवले आणि थैलीचं कौतुक सांगत राहिले.

मंगळवारी तुळशीरामचा भाऊ शाळेत आला. अण्णा तसेच घरी आले आणि ओसरीवर बसले. चपला पायातच. गयाबाईचे मोर मेले होते. सात लांडोरी, दोन मोर, आणि पिल्लं कुणी मोजली नव्हती. रविवारी दुपारपासून पाखरं बाभळींखाली पडायला लागली. गावात एकच बोलणं चाललं होतं, की तुळशीरामनेच औषध घातलं. मोर पेरा उकरून खातात म्हणून तो दरवर्षी कुरकुरायचा, ते सगळ्यांना ठाऊक होतं. गयाबाईने त्याला अंगणात उभं राहून शिव्याशाप दिले होते. वनखात्याची माणसं आली होती आणि त्याला जालन्याला नेणार होती.

मी सांगितलं. तेवढं मात्र मी लगेच सांगितलं. ज्वारी कणगीतली नव्हती, पडवीतल्या पोत्यातली होती. अण्णांनी डोळे मिटून घेतले. तुळशीरामने पेरणीसाठी औषध लावून ठेवलेलं ते बियाणं होतं, त्यांना विचारायचीही गरज पडली नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला कळलं नव्हतं ना, शालू?" त्यांच्या आवाजात अशी काही विनवणी होती की कळलं होतं म्हणायची वाटच उरली नव्हती. का हे मी आपलं माझ्या सोयीने म्हणते आहे? मी म्हणाले, "नाही." अण्णा म्हणाले, "मंग झालं. थैली मी भरली. कोणी इचारलं तर मी भरली, ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊनच वर गेले. अंगणात तुळशीराम, वनखात्याचे दोघे, आणखी पाच-दहा माणसं. अण्णांनी टोपी काढली आणि सगळ्यांसमोर सांगितलं. थैली, पोतं, घाई, सगळं. फक्त माझ्या जागी स्वतःला ठेवून. तुळशीराम मटकन खाली बसला आणि रडायला लागला. गयाबाई पडवीत गेली. आत बराच वेळ होती. बाहेर आली ती अण्णांकडे न बघता माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या तोंडाकडे नाही, वेण्यांकडे बघत होती. मग तुळशीरामपाशी गेली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "चुकले रे बाबा. माहं तोंड जळो," म्हणाली. आणि पाठमोरीच अण्णांना म्हणाली, "मास्तर, आता येत जाऊ नका."

अण्णांनी लेखी जबाब दिला. पुढची दोन वर्षं ते जालन्याला तारखांना जात राहिले, पहाटेच्या एसटीने, रजा टाकून, इस्त्रीचा सदरा घालून. शेवटी ते प्रकरण मिटलं, पण मधल्या काळात शाळेत पोरं त्यांच्या पाठीमागे मोरासारखी ओरडायची.  कॅमेरा त्यांनी ट्रंकेत ठेवला. आईने एकदा विचारलं, "रविवारी जात न्हाई का हो आता?" तर म्हणाले, "खांदा दुखून राह्यला." तेव्हापासून रविवारी आमच्याकडे पहाटे चारला कुणी उठत नसे. अंथरुणात पडल्या पडल्या मला आईच्या भाकरी थापण्याचा आवाज ऐकू यायचा थांबला, याचं मला किती दुःख झालं ते सांगता येणार नाही. दर रविवारी ठरवायची, आज सांगायचं. वास आला होता, एवढे तीनच शब्द. मग अण्णा उठायचे, पेपर वाचायचे, दाढी करायचे, आणि दिवस निघून जायचा. लग्न होऊन सासरी गेले, माहेरपणाला आले की पुन्हा ठरवायचं. त्यांच्या शेवटच्या आजारात आठ दिवस उशाशी बसले होते. तेव्हा तर आम्ही दोघंच असायचो.

तेराव्याला गर्दी होती. दुपारी पंगत चालू असताना दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली, वाकलेली, कपाळावर पदर. जीप बदलत बदलत आली होती. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं. "मास्तरची शालू ना तू?" म्हणाली. गयाबाई. मी तिला आतल्या खोलीत बसवलं. पाणी प्यायली आणि म्हणाली, "त्या दिशीचा फोटू हाय का गं? मास्तरनं कधी दावला न्हाई. म्याबी कधी मागितला न्हाई."

ट्रंकेतून काढला. अण्णांनी एकच प्रत केली होती आणि ती वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. कॅमेराही तिथंच होता, भिंगावर बुरशीची जाळी धरलेली. गयाबाईने फोटो डोळ्यांजवळ नेला, खिडकीकडे वळली. तिचं बोट गडग्यावरून हळूहळू सरकायला लागलं. "ही भुरी. ही लंगडी, बघ पाय कसा टाकती. अन् ही..." बोट सरपंचिणीवर थांबलं. 

डोळे पुसून ती म्हणाली, "थैली तूच भरली व्हती. मला ठावं हाय. पोत्याच्या सुतळीला रिबिनीसारखी गाठ व्हती, फुलाची. तुळशीराम का मास्तर असली गाठ मारतेत व्हय?" मी विचारलं, "मंग आजी, तवाच का नाही बोललात?" "बाप लेकीवर पांघरून घालून राह्यला व्हता. म्या कशाला वढू? लेकरू व्हतीस, तुला काय कळतंय."

तेव्हा माझा बांध फुटला. मी तिच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "आजी, मला कळलं होतं. ज्वारीला वास आला होता." इतक्या वर्षांनी ते शब्द बाहेर पडले, आणि पडले ते तिच्यापुढे. गयाबाईने माझ्या डोक्यावर ठेवायला उचललेला हात तसाच राहिला. मग तिने तो आपल्या मांडीवर घेतला. बाहेर वाढप्यांचा आवाज चालू होता, कुणीतरी बुंदी मागत होतं.

"हे बापाला सांगायचं व्हतं, पोरी," ती म्हणाली.

रागावून म्हणाली असती तर मला सोसलं असतं. ती जेवली नाही. फोटो तिने माझ्या हातात परत दिला आणि भिंतीला धरून उठली. कोपऱ्यात अण्णांची काठी उभी होती, टोकाचा बोल्ट गंजलेला. "ही नेऊ का? चढ लागतो मला," तिने विचारलं. मी दिली. ती काठी टेकत फाटकाबाहेर पडली आणि जीपच्या थांब्याकडे वळली.

माझ्याकडे आता तो फोटो आणि थैली तेवढी आहे. अजूनही कुठे डोंगरावर गेले तर ती माझ्या हलक्या कॅमेऱ्याबरोबर असते. कुणाच्याही घरचे दाणे असोत, भरायच्या आधी मी ओंजळ नाकाशी धरते आणि एक दाणा चावून बघते. लोक हसतात.

तेराव्याच्या त्या दुपारी, गयाबाई गेल्यावर, मी आत येऊन अण्णांच्या फोटोसमोर उभी राहिले. तो फोटो मीच काढलेला, त्यात ते थोडे डावीकडे कलून हसत आहेत, उजवा खांदा सांभाळून. घरात पन्नास माणसं जेवत होती, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. "अण्णा," एवढंच मी म्हणाले आणि थांबले. स्वयंपाकघरातून आईने हाक मारली, "शालू, वाढायला ये गं." मी डोळे पुसले आणि वाढायला गेले.